छंद स्वस्त, मग धंदा कसा? डंजन्स अँड ड्रॅगन्सचा तासाचा हिशोब

"ताई, बोर्ड गेम कॅफे टाकायचा विचार आहे, चालेल का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये एकदा तरी येतोच. पुण्या-मुंबईत असे कॅफे आहेत, त्यामुळे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण उत्तर देण्याआधी मी एक हिशोब करायला लावते. ग्राहकाला या छंदाचा एक तास कितीला पडतो? आणि ते पैसे नक्की कुणाच्या खिशातून येतात? आज हे एकाच खेळावर करून बघू: डंजन्स अँड ड्रॅगन्स.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. "मी दार फोडतो" म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला आला तर दार फुटलं. बोर्ड लागतोच असं नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आणला. पहिली छपाई हजार पेट्यांची, एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर.

आता खर्चाकडे या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीची मुख्य पुस्तकं तीन, प्रत्येकी ४९.९५ डॉलर. म्हणजे साधारण १५०. फासे, कागद, पेन्सिली धरून २०० करा. एका खेळासाठी २०० डॉलर म्हणजे खूप वाटतात ना? पण थांबा. पाच जण, आठवड्यातून एकदा चार तास, वर्षाचे ५० आठवडे. गुणाकार केला की १००० माणूस-तास होतात. दर पडला तासाला २० सेंट! तिथे सिनेमाचं तिकीट १० डॉलर धरलं आणि सिनेमा दोन तासांचा धरला, तर तासाला ५ डॉलर. पंचवीस पट फरक. दुसऱ्या वर्षी तीच पुस्तकं, तेच फासे, म्हणजे खर्च जवळजवळ शून्य. त्यात मूळ नियम कंपनीनेच इंटरनेटवर फुकट दिलेत.

आपल्याकडचे छंद याच मापाने मोजा. बॉक्स क्रिकेटच्या टर्फचं भाडं दर तासाला नव्याने द्यावं लागतं, बॉल झिजतो तो वेगळाच. ट्रेकिंगला पहिल्यांदा एसटीचं भाडं आणि वडापाव पुरतो, मग बूट येतात, सॅक येते. फोटोग्राफीचं तर बोलूच नका, कॅमेरा घेतला की लेन्स सुरू. तिथे माल झिजतो, नाहीतर पुढचा माल मागतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दोन्ही होत नाही. ग्राहकासाठी सोन्यासारखी गोष्ट. दुकानदाराच्या डोक्याला मात्र ताप.

हा ताप खुद्द मालक कंपनीलाही झाला. हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचा आणि ती हॅस्ब्रोच्या मालकीची. डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं की या ब्रँडमधून मिळायला हवी तेवढी कमाई होत नाही. डंजन मास्टर खेळाडूंमध्ये सुमारे २० टक्केच आहेत, पण पैसे खर्च करणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच. म्हणजे टेबलावर पाच जण आणि पाकीट काढणारा एक.

पुढच्याच महिन्यात गोंधळ झाला. या खेळाच्या नियमांवर इतरांना आपली पुस्तकं काढून विकता यावीत म्हणून २००० सालापासून एक मोफत परवाना होता. तो बदलून मोठी विक्री करणाऱ्यांकडून रॉयल्टी घेण्याचा मसुदा बाहेर फुटला. खेळणारे भडकले, अनेकांनी कंपनीच्या वेबसाइटची सबस्क्रिप्शन रद्द केली. २७ जानेवारी २०२३ ला कंपनीने माघार घेतली, आणि वर चारशे पानांचे नियम सगळ्यांना वापरायला कायमचे खुले केले. ग्राहकाकडे घरात पुस्तक आहे, फासा आहे, मित्र आहेत. तुमच्याशिवाय त्याचं अडत नाही, मग दाबून पैसे कसे काढणार?

याच कंपनीचा दुसरा खेळ बघा, मॅजिक: द गॅदरिंग. १९९३ पासूनचा पत्त्यांचा खेळ. वर्षातून अनेकदा नवी कार्डं येतात आणि स्टँडर्ड प्रकारच्या स्पर्धेतून जुनी ठरलेल्या काळाने बाद होतात. स्पर्धा खेळायची तर नवी घ्यावीच लागतात. इंग्लंडची गेम्स वर्कशॉप तर अजून मजेशीर. १९७५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी डंजन्स अँड ड्रॅगन्सच युरोपात आणून विकायची. पुढे स्वतःचा वॉरहॅमर काढला. त्यात प्लॅस्टिकचे सैनिक घ्या, चिकटवा, रंगवा, मग अजून सैनिक घ्या. रंग आणि ब्रशही तेच विकतात. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या एफटीएसई १०० निर्देशांकात गेली.

आता तुमचा कॅफे. पुस्तकं विकून भाडं निघेल असं मला अजिबात वाटत नाही. तुमच्याकडे विकायला आहे ती खुर्ची, तासाच्या हिशोबाने. समजा भाडं, पगार, वीज मिळून महिन्याला ६०,००० रुपये खर्च. २० खुर्च्या, २६ दिवस, आणि प्रत्येक खुर्ची दिवसाला सरासरी चार तास भरलेली (सुरुवातीला हेही जास्तच धरलंय). झाले २,०८० खुर्ची-तास. एक तास तुम्हालाच २९ रुपयांना पडला. पाच जणांचा ग्रुप चार तास बसला तर तुमचा खर्च ५८० रुपये. बिल त्याच्या खाली आलं, तर टेबल भरलेलं दिसेल आणि गल्ला रिकामा. दोन चहा घेऊन चार तास बसणारा ग्रुप तुम्हाला भेटणारच, त्यामुळे चहावर विसंबू नका, तासाचा दर लावा.

आणि डंजन मास्टरकडून खुर्चीचे पैसे घेऊ नका. तो चार गिऱ्हाईकं सोबत आणतो, दर आठवड्याला, त्याच वारी. त्याची खुर्ची फुकट धरली तर उरलेल्या चौघांना माणशी १४५ रुपये येतात, नुसता खर्च भरून निघायला. नफा त्यावर. तुमच्या भागात कॉलेजची मुलं एका संध्याकाळचे एवढे देतात का, हे जागा बघण्याआधी चार ग्रुपना विचारून या.