विश्लेषण : ‘पर्सनॅलिटीत कमी पडला’ म्हणजे नेमके काय?

लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’मध्ये नौदलाचे अभियंता अधिकारी प्रशिक्षण घेतात. तिथे पोहोचण्याआधी उमेदवाराला ‘एसएसबी’ची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, पाच दिवसांची पारख पार करावी लागते. अभ्यासात हुशार असलेले अनेक जण तिथून परत येतात. मग ‘पर्सनॅलिटीत कमी पडला’ असा शिक्का बसतो. हा शिक्का कितपत खरा? त्यासाठी व्यक्तिमत्त्वाचे प्रमुख सिद्धान्त समजून घ्यावे लागतील.

चित्रावरून गोष्ट का लिहायला लावतात?

माणसाच्या वागण्यामागे त्याच्या नेणिवेतल्या इच्छा आणि संघर्ष असतात, असे सिग्मंड फ्रॉइडचे म्हणणे होते. याच विचारातून हेन्री मरे आणि ख्रिस्तिआना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये चित्रावरून गोष्ट सांगण्याची चाचणी मांडली. ‘एसएसबी’त चित्र ३० सेकंद दाखवतात, मग गोष्ट लिहायची. अडचण अशी की, गोष्टीचा अर्थ तपासणाऱ्यागणिक बदलू शकतो.

गुणांची यादी पुरेशी आहे का?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून स्वभाव आणि वागणे सांगणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. पुढील संशोधनात पाच मुख्य गुण ठरले : नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. ‘एसएसबी’ही अधिकाऱ्याचे १५ गुण पाहते. माणूस कसा आहे हे यादी सांगते. तसा का झाला, हे सांगत नाही.

मैदानावर काय पाहतात?

फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन गटाने अडथळा पार करायचा असतो. इथे प्रत्यक्ष वागणे महत्त्वाचे. बी. एफ. स्किनर वागण्याचे मूळ परिणामांत शोधतो, तर अल्बर्ट बांडुरा इतरांना पाहून शिकण्यावर भर देतो. परिस्थिती बदलली की वागणेही बदलते, असे वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये ठासून मांडले.

स्वतःविषयी का लिहायचे?

आई-वडील, शिक्षक, मित्र तुमच्याविषयी काय म्हणतात आणि तुम्हाला काय व्हायचे आहे, हेही लिहावे लागते. कार्ल रॉजर्स आणि अब्राहम मास्लो यांच्या मानवतावादी विचारात ‘मी कोण’ आणि ‘मला काय व्हायचे आहे’ हे प्रश्न मध्यवर्ती आहेत.

योगपरंपरा काय सांगते?

लोणावळ्यातच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले. योगपरंपरेनुसार सत्त्व, रज आणि तम हे तिन्ही गुण प्रत्येकात असतात. त्यांचे प्रमाण आहार, आचार आणि साधनेने बदलते. हा विचार निवडीसाठी नाही, स्वतःला घडवण्यासाठी आहे.

मग नापास म्हणजे काय?

मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारे अधिकारी उमेदवाराला वेगवेगळे पारखतात. मनात, बोलण्यात आणि कृतीत मेळ आहे का, हे पाहिले जाते. त्यामुळे पाठ केलेली गोष्ट मैदानावर उघडी पडते. निकाल एवढेच सांगतो की, त्या पाच दिवसांत दिसलेला माणूस त्या विशिष्ट कामाच्या निकषांत बसला नाही. तो अख्ख्या माणसावरचा निवाडा नव्हे. पुन्हा प्रयत्न करून अधिकारी झालेले अनेक जण आहेत.