पुनरुक्तीचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतील गावांची यादी संगणकावर उतरविताना ज्याला प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘जिल्हा बुलढाणा’ हे दोन शब्द इमानाने लिहावे लागले असतील, त्याने ते दफ्तर किती हलके होऊ शकते हे पाहण्यासाठी, इगोर पावलोव्ह यांनी १९९९ मध्ये प्रसृत केलेली ‘सेव्हन-झिप’ ही विनामूल्य आज्ञावली एकवार अवश्य चालवून पाहावी. मात्र ती मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी.

युनिकोडच्या रूढ युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा अडविते. म्हणजे काना-उकारांसह ७ चिन्हांच्या ‘बुलढाणा’ या एकाच शब्दाला २१ बाइट लागतात. याकोब झिव आणि आब्राहम लेंपेल या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेली युक्ती अशी की, तोच मजकूर पुन्हा आला म्हणजे तो न लिहिता ‘इतके मागे जा, तेथून इतके उचल’ एवढीच दोन आकड्यांची खूण ठेवावयाची. सेव्हन-झिप याच युक्तीचे सुधारलेले रूप वापरते, आणि गाठोडे सोडले की काना-मात्रेचाही फरक न पडता यादी बरहुकूम परत मिळते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लोणार सरोवराची छायाचित्रे सेव्हन-झिपमध्ये घातली तर मात्र आकार जेमतेमच घटतो, कारण जेपीईजी प्रकारात ती साठवितानाच त्यांतील पुनरुक्ती बहुतांशी काढून टाकलेली असते.