मॉन्ट्रियलला गेलात, आता फ्रेंच कुठे शिकायचं?

कॅनडात इंग्रजीवर भागतं, पण क्युबेकमध्ये नाही. २०२२ च्या भाषा कायद्यामुळे तिथली सरकारी खाती नव्या स्थलांतरितांशी पहिले सहा महिनेच दुसऱ्या भाषेत व्यवहार करू शकतात. पुढे फ्रेंच. आरोग्य, सुरक्षा असे काही अपवाद आहेत, इतकंच.

मग शिकायचं कुठे? खासगी क्लासची फी भरण्याआधी 'फ्रान्सिझासिओं केबेक'कडे नाव नोंदवा. १ जून २०२३ पासून सरकारी फ्रेंच वर्गांसाठी ही एकच खिडकी आहे. वर्ग मोफत, पूर्णवेळ, अर्धवेळ किंवा ऑनलाइन. वर्क परमिटवर गेलेल्यांनाही प्रवेश मिळतो.

खरी अडचण जागांची. २०२४ मध्ये निधी संपल्याने अनेक ठिकाणी चालू वर्ग बंद पडले. त्यामुळे पोहोचल्या आठवड्यातच अर्ज टाका आणि नंबर लागेपर्यंत मॉन्ट्रियलच्या सार्वजनिक ग्रंथालयांमधल्या फ्रेंच गप्पांच्या वर्गांना जाऊन बसा.

पुण्यात आलियाँस फ्रांसेझमधून शिकून गेलात, तरीही जा. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण, क्युबेकमध्ये दुपारचं. ऑफिसमधल्या कुणी 'दिने'ला बोलावलं, तर त्या दिवशी डबा नेऊ नका.