‘अशक्तपणा’ नव्हे, मोबाईलची सवय

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाताना रुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोग आणि कमजोरीवर खात्रीच्या इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून माझ्याकडे येणारे बरेच पुरुष अशा एखाद्या ठिकाणी पैसे घालवून मगच येतात. तक्रार ठरलेली असते. “डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय. बायकोजवळ गेलं की काही जमत नाही.”

अशा वेळी मी आधी रक्तातील साखर, रक्तदाब आणि चालू असलेली औषधे पाहतो. लिंगाला ताठरता न येणे हे मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे पहिले लक्षण असू शकते, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. त्यानंतर दोन प्रश्न विचारतो. सकाळी जाग येताना ताठरता असते का? आणि रात्री मोबाईलवर काय पाहता? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर येते. दुसऱ्या प्रश्नावर मान खाली जाते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. बदलापूरचा बत्तीस वर्षांचा गृहस्थ, नोकरी मुंबईत. सकाळी सहाची लोकल, घरी परत यायला रात्रीचे नऊ. वन रूम किचनमध्ये आई, पत्नी आणि लहान मूल. सगळे झोपले की कानात इअरफोन घालून अश्लील चित्रफिती पाहायच्या. सुरुवातीला पंधरा मिनिटे, मग दोन दोन तास. झोप चारच तास, दिवसभर चिडचिड, कामात चुका. एकट्याने असताना अडचण नाही, पत्नीजवळ मात्र अपयश. मग अपयशाच्या भीतीने त्याने तिच्याजवळ जाणेच सोडले. चूर्णे आणि गोळ्या सहा महिने घेतल्या, पण उपयोग झाला नाही.

पत्नी नंतर स्वतंत्रपणे भेटली. म्हणाली, “मला वाटलं, ह्यांचं बाहेर कुठेतरी आहे. मग वाटलं, माझ्यातच काही कमी आहे.” आठ महिने ती हे मनात ठेवून वावरत होती. अखेर मुलाला घेऊन माहेरी, उल्हासनगरला निघून गेली. नवऱ्याच्या आजारापेक्षा त्याच्या अबोल्याने तिचे अधिक नुकसान केले होते.

असे का होते? पडद्यावर बोट फिरवले की नवे दृश्य येते. मन या सततच्या नावीन्याला सरावते. घरात मात्र एकच जोडीदार असते, दिवसभर राबलेली, तिच्याही इच्छा अनिच्छा असलेली. शिवाय त्या चित्रफिती म्हणजे अभिनय असतो, तुकडे जोडून तयार केलेला. त्यावरून स्वतःचे शरीर आणि वेळ मोजणारा पुरुष पत्नीजवळ असतानाही परीक्षेला बसल्यासारखा स्वतःकडेच पाहत राहतो. भीती आणि कामसुख एकत्र नांदत नाहीत.

येथे एक खुलासा हवा. अशा चित्रफिती पाहणारा प्रत्येक पुरुष रोगी नसतो आणि त्यामुळे नपुंसकत्व येतेच, असे सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या रोग वर्गीकरणात ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकृती’ हे निदान आहे. ते व्यसनांच्या नव्हे, तर आवेगांवरील ताबा सुटण्याच्या विकारांच्या गटात येते. सहा महिने किंवा अधिक काळ ताबा सुटलेला असणे आणि त्यापायी घर, काम, आरोग्य यांचे नुकसान होणे, ही त्याची खूण. केवळ पापभावना वाटते म्हणून हे निदान करता येत नाही.

वीर्य गेल्याने शक्ती जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. या भीतीतून उद्भवणाऱ्या तक्रारींना डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. हस्तमैथुनाने शरीर खंगत नाही. पण ही भीती दाखवून चूर्णे विकणाऱ्यांचा धंदा मात्र चालतो. लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या भिंतींवर दिसतातच. दुकानातून परस्पर आणलेल्या ताठरतेच्या गोळ्याही धोक्याच्या. हृदयविकारासाठी नायट्रेट गटातील औषध घेणाऱ्याचा रक्तदाब त्यांमुळे एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकते.

मग करायचे काय? मोबाईल झोपण्याच्या जागेपासून दूर, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. गजराला साधे घड्याळ आणावे. कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत ओढ लागते ते वहीत टिपावे. बहुतेकांच्या बाबतीत एकटेपणा, थकवा किंवा भांडण ही कारणे सापडतात. देवापुढे शपथा घेऊ नयेत. शपथ मोडली की माणूस निराश होऊन पुन्हा तिकडेच वळतो. एखाद्या दिवशी घसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. लहान मुलांची अश्लील दृश्ये पाहणे व जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे.

पत्नींनाही सांगणे आहे. यात तुमच्या रूपाचा वा वागण्याचा दोष नाही. पडद्यावर पाहिलेले करून दाखवण्याचा आग्रह झाला, तर नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सासूपुढे किंवा शेजारी वाच्यता केल्याने नवरा अधिक लपवू लागतो, म्हणून आधी दोघांनीच बोलावे, मग डॉक्टरांकडे एकत्र यावे.

वरील जोडप्याने तेच केले. नवऱ्याने माझ्यासमोर पत्नीला सारे सांगितले. ती रडली, रागावली, पण तिचा संशय फिटला. काही आठवडे शरीरसंबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, नुसते जवळ बसायचे, बोलायचे, असे ठरले. परीक्षा संपल्यावर भीती ओसरू लागली. सवय पूर्ण सुटलेली नाही, पण लपवाछपवी संपली आहे आणि पत्नी घरी परतली आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून लैंगिक प्रश्नांना मराठीत उघड उत्तरे दिली. त्यासाठी त्यांनी अश्लीलतेचे खटले सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. इतक्या वर्षांनंतर तरी आपण डॉक्टरांना विचारायला लाजू नये. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सल्ला मिळतो; नाव ऐकून दचकू नये. मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांना केईएम आणि शीव रुग्णालये वाटेवरच आहेत. समोरासमोर बोलणे जड जात असेल, तर 14416 या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.