गवताचे छप्पर आणि पत्र्याचे छप्पर

केनियाच्या पश्चिम भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी सिआया हा प्रदेश आहे. येथील वस्ती मुख्यतः लुओ लोकांची असून मका, ज्वारी आणि घेवडा ही त्यांची नेहमीची पिके होत. गरीब शेतकऱ्याचे घर म्हणजे मातीने लिंपलेल्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. या भागात पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे या काळात मोठा आणि वर्षाच्या अखेरीस लहान. पावसाने गवत कुजते, त्यात कीड शिरते, आणि घर पुनःपुन्हा शाकारावे लागते.

पत्र्याचे छप्पर वर्षानुवर्षे टिकते आणि त्यावरून ओघळणारे पाणी पिंपात साठवताही येते. दीर्घ मुदतीचा हिशेब केल्यास पत्राच स्वस्त पडतो, हे तेथील शेतकऱ्यास उत्तम ठाऊक असते. परंतु पत्र्यासाठी लागणारी रक्कम एकदम त्याच्या हाती कधीच येत नाही. जे थोडेफार मिळते ते पोटासाठी आणि शाकारणीसाठी खर्च होते. दारिद्र्य हे अशा रीतीने स्वतःच एक महाग जीवनपद्धती ठरते. म्हणूनच या कुटुंबाच्या हाती एखादे वर्षी पुरेशी रक्कम आली तर काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न प्रत्यक्ष तपासून पाहण्याची संधी २०११ नंतर मिळाली. 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने सिआयातील रारिएडा भागात गरीब कुटुंबांना कोणतीही अट न घालता रोख रक्कम देण्यास प्रारंभ केला. गरीब कोण हे ठरवण्याची खूण साधी होती: ज्याचे छप्पर गवताचे तो पात्र. पैसे पोहोचवण्याचे साधनही तयार होते. २००७ साली केनियात सुरू झालेल्या 'एम-पेसा' या सेवेमुळे साध्या मोबाइल फोनवरून पैशांची देवघेव होऊ लागली होती. (यातील 'पेसा' हा स्वाहिली शब्द आपल्या 'पैसा' या शब्दाचाच आप्त आहे.) त्यामुळे मधल्या कोणाच्या हाताला न लागता मदत थेट कुटुंबापर्यंत जाऊ शकली.

कोणाला रक्कम द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले, जेणेकरून मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांची रास्त तुलना व्हावी. काहींना २५,२०० शिलिंग एकदम देण्यात आले, तर काहींना तीच रक्कम दरमहा २,८०० याप्रमाणे नऊ महिन्यांत मिळाली. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या संशोधकांनी २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्या कुटुंबांचा मासिक उपभोग एक पंचमांशाहून थोडा अधिक वाढला होता. गुरे आणि पत्र्याची छपरे यांत भर पडली होती, आणि मनावरील ताणही हलका झाला होता. फुकटचा पैसा दारूत जाईल, ही सर्वत्र ऐकू येणारी शंका मात्र खरी ठरली नाही. दारू व तंबाखूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही.

एकरकमी आणि मासिक मदतीतील फरक विशेष उद्बोधक आहे. दरमहा पैसे मिळणाऱ्या घरात जेवणाची भ्रांत अधिक कमी झाली. एकदम मिळालेली रक्कम टिकाऊ वस्तूंत अधिक गुंतली. ज्यांना बचतीची आणि कर्जाची सोय नाही, त्यांना थोड्याथोड्या पैशांतून मोठी खरेदी साधत नाही, हेच यावरून दिसते. पुढे केनियातच सुरू झालेल्या दीर्घ मुदतीच्या एका योजनेत दरमहा पैसे मिळणाऱ्या अनेकांनी आपल्याकडील भिशीसारखी मंडळे चालवून मोठी रक्कम स्वतःच उभी केली.

पैसा एका घरात थांबत नाही, हेही दिसून आले. सिआयातील ६५३ गावांच्या अभ्यासात १०,५०० हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर देण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या परिसराच्या उत्पन्नात सुमारे अडीच डॉलरांची भर पडली. सुतार, गवंडी, दुकानदार यांच्याकडे गिऱ्हाईक वाढले, आणि मदत न मिळालेल्या शेजाऱ्यांचीही स्थिती सुधारली. भाववाढ मात्र अगदी नगण्य राहिली.

याच गावांविषयी २०२५ साली पुढे आलेली माहिती अधिक हृद्य आहे. मदत मिळालेल्या कुटुंबांत एक वर्षाच्या आतील बालकांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. बाळंतपणाच्या सुमारास पैसा हाती असलेली स्त्री दवाखान्यात जाऊ शकली. दिवस भरत आल्यावर आणि प्रसूतीनंतर शेतातील कष्टांपासून तिला काही काळ विसावा मिळाला. जेथे डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता, तेथे हा लाभ सर्वांत ठळक होता.

रोख मदतीची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. पैसा मातेला दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो. दवाखाना आणि डॉक्टर तो निर्माण करत नाही. रारिएडातील पहिल्या पाहणीतही शिक्षण व आरोग्य यांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. मदत संपल्यानंतर बालमृत्यूंचे प्रमाणही बहुतांशी पूर्वपदावर आले. छपरावरील पत्रा राहिला, परंतु पुढच्या बाळंतपणाच्या वेळी हाती पैसा नव्हता. एकदा दिलेल्या रकमेने घर बदलते. प्रत्येक नव्या जीवाच्या संरक्षणासाठी मात्र मदतीचा हात योग्य वेळी पुन्हा पुढे यावा लागतो, आणि त्या हाताशेजारी दवाखानाही उभा असावा लागतो.