वाढीचे संप्रेरक आणि प्रोस्टेटचा कर्करोग : भय किती, तथ्य किती?



‘रक्तात वाढीचे संप्रेरक जास्त असेल तर प्रोस्टेटचा कर्करोग होतो’ अशा आशयाची बातमी अधूनमधून वृत्तपत्रांत झळकते. ती वाचून कोणी धास्तावतो, कोणी दूध पिणे सोडतो, तर कोणी ‘ही वैद्यकांची नेहमीचीच घबराट’ म्हणून पान उलटतो. ह्या तिन्ही प्रतिक्रिया योग्य नव्हेत, असे आम्हांस वाटते. म्हणून ह्या विषयातील तथ्य आपणांसमोर मांडीत आहोत.

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. ती केवळ पुरुषांच्या शरीरात, मूत्राशयाच्या खाली असते. आपल्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक रक्तात सोडते. त्याच्या आदेशावरून यकृत ‘आयजीएफ-१’ नावाचे दुसरे द्रव्य तयार करते. मुलांची उंची वाढते ती मुख्यतः ह्याच द्रव्यामुळे. हे द्रव्य पेशींना विभाजनाची प्रेरणा देते आणि जीर्ण पेशींचा नैसर्गिक मृत्यू लांबवते. बालपणी जे वरदान, तेच उतारवयात एखाद्या बिघडलेल्या पेशीलाही बळ देत असेल काय, हा शास्त्रज्ञांपुढील प्रश्न होता.

अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८२ च्या सुमारास एका दीर्घ अभ्यासासाठी स्वतःचे रक्त दिले होते. ते गोठवून जतन करण्यात आले. पुढे त्यांच्यापैकी ज्या १५२ जणांना हा कर्करोग झाला, त्यांच्या जुन्या रक्ताची तुलना निरोगी सहकाऱ्यांच्या रक्ताशी केली गेली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आयजीएफ-१ ची पातळी सर्वाधिक असलेल्या गटात धोका सर्वांत कमी पातळीच्या गटाच्या सुमारे चौपट आढळला. रक्त रोगाच्या निदानापूर्वीच घेतलेले असल्याने ह्या निष्कर्षाला वजन आले.

परंतु १५२ रुग्ण ही संख्या लहानच. पुढे अनेक देशांतील संशोधकांनी आपापली माहिती एकत्र केली. २००८ साली १२ अभ्यास मिळून सुमारे ३,७०० रुग्णांचा विचार झाला, तेव्हा ‘चौपट’ धोका सुमारे ३८ टक्क्यांवर आला. २०१६ साली १०,००० हून अधिक रुग्णांची माहिती तपासली असता तो सुमारे २९ टक्के अधिक इतकाच राहिला. म्हणजे संबंध खरा, पण बेताचा. समजा, कमी पातळीच्या १०० पुरुषांपैकी १० जणांना हा रोग होणार असेल, तर जास्त पातळीच्या १०० पैकी सुमारे १३ जणांना होईल. उरलेल्या ८७ जणांना होणार नाही.

मग पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉनचे काय? ते रोखल्यास पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स ह्यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. तरीही रक्तातील टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्यांना हा रोग अधिक होतो, असे २००८ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात आढळले नाही. रोगाला खतपाणी घालणे वेगळे आणि रोगाचे बीज पेरणे वेगळे, हा भेद येथे ध्यानात घ्यावा.

आहाराविषयीही विवेक हवा. दूध व प्राणिज प्रथिनांनी आयजीएफ-१ किंचित वाढते. ब्रिटनमधील २००० सालच्या अभ्यासात, दुधासह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य करणाऱ्या पुरुषांत ही पातळी सुमारे ९ टक्के कमी दिसली. तथापि तेवढ्यावरून वृद्धांनी रोजचा पेलाभर दुधाचा त्याग करावा, असे मुळीच नाही. मात्र व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना आम्ही कळकळीने सांगू इच्छितो, की पीळदार शरीरासाठी वैद्यकीय कारणाविना वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने घेणे हा जिवाशी खेळ आहे.

आयजीएफ-१ ची तपासणी करून कोणाला कर्करोग होईल हे सांगता येत नाही. म्हणून त्यासाठी पैसे खर्चू नयेत. वाढते वय आणि वडील वा भाऊ ह्यांना झालेला हा रोग, ह्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, आणि घरात हा रोग झाला असल्यास त्याही आधी, ‘पीएसए’ ह्या रक्ततपासणीच्या लाभ-हानीविषयी डॉक्टरांशी बोलावे. ग्रंथीची साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग ह्यांमुळेही पीएसए वाढते. तेव्हा आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. उलट, आरंभीच्या कर्करोगात अनेकदा कोणतेच लक्षण नसते.

आपल्याकडील ज्येष्ठ पुरुष लघवीच्या त्रासाविषयी पत्नीपाशीही बोलत नाहीत. रक्तातील संप्रेरकापेक्षा हा संकोच कितीतरी पटींनी घातक आहे. घरच्यांनी तो हळुवारपणे दूर करावा, एवढीच आमची विनंती.