मेजर, फाली होमी
मेजर, फाली होमी : (२९ मे १९४७ – ). भारतीय हवाई दलाचे माजी प्रमुख (२००७–०९) आणि या पदावर नियुक्त झालेले पहिले हेलिकॉप्टर वैमानिक. ‘मेजर’ हे त्यांचे आडनाव आहे. तो सैनिकी हुद्दा नव्हे. त्यांचा जन्म सिकंदराबाद येथे एका पारशी कुटुंबात झाला. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ते वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाले. सुमारे एक्केचाळीस वर्षांच्या सेवेत त्यांनी सात हजार तासांहून अधिक उड्डाण केले. त्यातील बराच भाग लडाख, सियाचीन व ईशान्य भारत यांसारख्या दुर्गम प्रदेशांत झाला.

भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टरांचा वापर १९५४ मध्ये एस-५५ या अमेरिकी हेलिकॉप्टरापासून सुरू झाला. १९७१ च्या युद्धात मी-४ हेलिकॉप्टरांनी मेघना नदीपलीकडे सैन्य उतरवून डाक्क्याकडील आगेकूच सुकर केली. तथापि लढाऊ विमाने हाच दलाचा गाभा व हेलिकॉप्टरे हे साहाय्यक साधन, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. मेजर यांची कारकीर्द या साहाय्यक मानल्या गेलेल्या शाखेत घडली.

उंच पर्वतीय प्रदेशातील हेलिकॉप्टर उड्डाण विशेष अवघड असते. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते. त्यामुळे घूर्णकाच्या पात्यांना मिळणारी उचल आणि एंजिनाची शक्ती ही दोन्ही घटतात. परिणामी वाहून नेता येणारे वजनही कमी होते. १९८४ पासून सियाचीन हिमनदीवरील ठाण्यांना रसद पुरविण्यासाठी व आजारी, जखमी जवानांना खाली आणण्यासाठी हेलिकॉप्टरांवरच मुख्यतः भिस्त राहिली आहे. किती वजन घ्यावयाचे, कोणत्या वेळी उड्डाण करावयाचे आणि हवामान बिघडल्यास केव्हा परत फिरावयाचे, हे निर्णय तेथे प्राणांशी निगडित असतात. पथकप्रमुखावर स्वतःच्या उड्डाणाबरोबरच आपल्या सर्व वैमानिकांच्या अशा निर्णयांची जबाबदारी असते. पुढे मेजर यांनी लेह येथील हवाई तळाचेही आधिपत्य केले.

श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेच्या कारवाईत (१९८७–९०) मेजर हे मी-१७ हेलिकॉप्टर पथकाचे प्रमुख होते. हेलिकॉप्टर सावकाश व कमी उंचीवरून उडत असल्याने जमिनीवरील साध्या बंदुकांच्याही माऱ्यात सापडते. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना विद्यापीठाच्या परिसरात मी-८ हेलिकॉप्टरांनी रात्री सैनिक उतरविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गोळीबारामुळे पुढील फेऱ्या थांबवाव्या लागल्या आणि उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीची एक तुकडी जवळजवळ संपूर्ण कामी आली. मेजर यांना सियाचीन हिमनदीवरील कामगिरीबद्दल वायुसेना पदक देण्यात आले.

ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचल प्रदेशातील परवाणूजवळ टिंबर ट्रेल या रज्जुमार्गाचा ओढदोर तुटला. प्रवाशांनी भरलेला पाळणा मागे घसरून खोल दरीवर लटकत राहिला. सरसावा येथील हवाई तळाच्या मी-१७ हेलिकॉप्टरातून सुटकेचा प्रयत्न करण्याचे ठरले. त्या वेळी ग्रुप कॅप्टन असलेले मेजर हे या हेलिकॉप्टराचे सारथ्य करीत होते. वैमानिकाला आपल्या थेट खालचा पाळणा दिसत नसल्याने त्याला मागील सहकाऱ्यांच्या तोंडी सूचनांवर विसंबून हेलिकॉप्टर स्थिर ठेवावे लागते. शिवाय घूर्णकाच्या झोताने पाळणा हेलकावे खाण्याचा आणि पाती रज्जुमार्गाच्या दोरांना लागण्याचा धोका होता. छत्रीधारी कमांडो दलाचे अधिकारी आयव्हन क्रास्टो हे दोराने पाळण्याच्या छतावर उतरले व आत शिरून एकेका प्रवाशाला वर पाठवू लागले. अंधारामुळे काम थांबले, तेव्हा ते उरलेल्या प्रवाशांसोबत रात्रभर पाळण्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी सर्वांची सुटका झाली. आरंभी खाली उडी घेतलेला रज्जुमार्गाचा कर्मचारी मात्र मृत्युमुखी पडला. या कामगिरीबद्दल क्रास्टो यांना कीर्तिचक्र व मेजर यांना शौर्यचक्र मिळाले.

त्यानंतर मेजर वरिष्ठ पदांवर चढत गेले. २००४ च्या अखेरीस आलेल्या त्सुनामीच्या वेळी एकात्मिक संरक्षण मुख्यालयात तिन्ही सैन्यदलांच्या मदतकार्याचा मेळ घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. २००५ मध्ये ते शिलाँग येथे मुख्यालय असलेल्या पूर्व हवाई विभागाचे प्रमुख झाले. ३१ मार्च २००७ रोजी एअर चीफ मार्शल शशींद्रपाल त्यागी यांच्याकडून त्यांनी हवाई दलाच्या प्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली. त्यांच्याच कारकीर्दीत, नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, हवाई दलाच्या मी-१७ हेलिकॉप्टरातून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरविण्यात आले. परमविशिष्ट व अतिविशिष्ट सेवा पदकांचेही ते मानकरी आहेत.

३१ मे २००९ रोजी ते निवृत्त झाले आणि नागपूर येथे जन्मलेले एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक हे त्यांच्या जागी आले. नाईक हे लढाऊ विमानांचे वैमानिक होते. लढाऊ शाखेकडेच सर्वोच्च पद जाण्याचा प्रघात पुढेही टिकून राहिला असला, तरी हेलिकॉप्टर पथकाचे आधिपत्य हाही दलाच्या सर्वोच्च नेतृत्वाकडे नेणारा मार्ग ठरू शकतो, हे मेजर यांच्या नियुक्तीने प्रथमच सिद्ध झाले.